माझे बाहेरचे चार दिवस

ही सत्तर-बहात्तरची गोष्ट. मी सतरा वर्षांची झाले तरी मला पाळी आली नव्हती. माझ्याहून लहान पोरींना आली, दोघींची तर लग्नंही उरकली. आमच्या विणकरांच्या गल्लीत कोणाच्या घरी कोण बाहेर बसलंय हे लपत नसे. बाहेर बसलेल्या बाईनं मागाला हात लावायचा नाही, सुताच्या कांड्या भरायच्या नाहीत, समोरच्या छपरीत पोतं टाकून चार दिवस बसायचं.

माय मला धंतोलीत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासलं मला, सांगितलं मात्र तिला. शरीर माझं, आणि मलाच बाहेर बाकावर बसवलं! परतताना रिक्षात माय हळूच म्हणाली, "तुले पिशवीच नाही वं. जन्मापासून नाही. लेकरू होणार नाही तुले."

"मंग मी बाई आहो का नाही?"

"चूप बस. रिक्षावाला ऐकून राहिला."



त्याच महिन्यापासून तिनं मला बाहेर बसवायला सुरुवात केली. कॅलेंडरवर पेन्सिलीनं खूण करायची आणि त्या सकाळी छपरीत पोतं अंथरायची. "बस. लोकाइले दिसू दे." शेजारणी लांबूनच विचारत, "बसली का वं?" मी मान हलवायची. आग लागो त्या नाटकाला! पण खरं सांगते, ते चार दिवस मला आवडायचे. तेवढ्यापुरती मी बाकीच्या पोरींसारखी असायची.

मग उमरेडचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, फार आवडला होता. मायनं ठरवलंच होतं, आधी लग्न होऊ द्यायचं, पुढचं पुढे. मुलाची आई सुपारी घेऊन आली ती नेमकी तारखेच्या दिवशी. मला पोत्यावर बघून तिचा चेहराच खुलला. दोन हात लांब उभी राहून मायला म्हणाली, "बरं झालं बाई, डोळ्यानं पाह्यलं. मोठ्या सुनेले पाच वर्षं झाले, लेकरू नाही. आता हिचाच भरवसा."

किती भोळी होती ती बाई! मला राहवलं नाही. उठले, आत गेले आणि तिच्यादेखत मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांवर दोन्ही हात ठेवले. माय किंचाळली.

"मले काही झालं नाही," मी म्हटलं. "कधी झालंच नाही. मले पिशवी नाही."

मुलाची आई सुपारी परत घेऊन गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यानं मी जास्तच रडले. आठवड्याभरात सगळ्या गल्लीला कळलं. माय माझ्याशी बोलेना.

पुढच्या महिन्यात तारीख आली. मायनं पोतं काढलं नाही. मीच ते झटकून छपरीत अंथरलं आणि चार दिवस बसून राहिले. बाया समोरून पाण्याला जात होत्या. "बसली का वं?" म्हणून कोणी विचारलं नाही.