न हलणारी गाडी

अकोल्यातल्या त्या ड्रायव्हिंग सेंटरवर माझा राग आजही तसाच आहे आणि तो मला कमीही करायचा नाही.

त्या वर्षांत बाळापूरकडे कापसाची पार माती झाली होती. शेतातून माल निघाला नाही तर टेम्पोला भाडं कुठून मिळणार? माझा टेम्पो दारात उभा राहून गंजत होता. एका कंपनीला बससाठी ड्रायव्हर हवे होते. ती नोकरी लागली असती तर घर सावरलं असतं. रमजान चालू होता. मी आणि माझा शेजारी पहाटे सहेरी, म्हणजे रोज्याआधीचं जेवण, करून एकाच मोटारसायकलवर अकोल्याला टेस्टला गेलो. त्याला गाडी जेमतेम यायची, तीही मीच शिकवलेली.

टेस्ट खऱ्या बसवर नव्हतीच. एक खुर्ची, एक स्टिअरिंग आणि समोर भिंतभर पडदा. त्याला म्हणे सिम्युलेटर म्हणतात. पडद्यावर घाट सुरू झाला. वरूडची संत्री भरून मी मेळघाटातली वळणं घेतलेली. वळण दिसलं की अंग आपोआप तोल धरतं. इथे डोळ्यांपुढे रस्ता गरगर वळत होता आणि बुडाखालची खुर्ची ढिम्म! कपाळाला घाम सुटला, कोरडे उमासे आले. उतरलो तर पाय लटपटले आणि मी भिंतीवर आदळलो.

"पिऊन आलास?" टेस्ट घेणारा साहेब खेकसला.

"माहा रोजा हाय, साहेब. पाण्याचा घोट नाई पोटात. घ्या, तोंडाचा वास घ्या!"

इथेच चुकलो. उपाशी तोंडाला दुपारी वास येतोच. आमच्या घरात त्याला कुणी नाक मुरडत नाही, म्हणून माझ्या ध्यानातही आलं नाही. साहेबाने नाकाला रुमाल लावला.

"येतोय ना वास! आणि वर रोजा सांगतोस?"

मी शेजाऱ्याकडे बघितलं. त्याचंही तोंड तसंच कोरडं होतं.

"तुझ्या गावचा ना हा? पितो का?" साहेबाने त्याला विचारलं.

पुढचा नंबर त्याचा होता.

"मले काय मालूम, साहेब?" तो म्हणाला.

पडद्यासमोर त्याला काहीच झालं नाही. अंगात गाडी मुरलेलीच नव्हती, तर बिघडणार काय? नोकरी त्याला लागली. ईदच्या दिवशी तो नवे कपडे घालून गळाभेटीला आला, तेव्हा मी त्याच्या तोंडावर दार लावलं.