बांधावरचा लिंब

आमच्या शेजारच्या मावशी रोज शेळ्या घेऊन गावावरच्या पाझर तलावाकडे जातात. तिथल्या मातीच्या बांधावर झाडाचं रोप दिसलं की उपटतात. "मुळी कुजली की पाणी तितनंच वाट काढतंय. खाली समदं गाव हाय की."

जन्मभर मेंढरांमागं फिरलेले त्यांचे यजमान गेले, तेव्हा भावकीनं त्यांची राख घालून त्याच बांधावर कडुलिंब लावला. तेरावा झाल्यावर मात्र मावशींनी ते रोप राखेच्या मातीसकट पाटीत घालून आणलं आणि अंगणात लावलं.

आता त्याची चांगली सावली पडते. परवा मी गेले, तर मावशी खोडाला टेकून निवांत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आत्ता कुटं आमचं धनी घरी थांबाय लागल्यात."