सावलीत बसून केलेला पंचनामा

होसकोटेजवळच्या पेरूच्या बागेचा पंचनामा मी बागेत पाऊल न टाकता लिहिला. पोलिसाच्या नोकरीत चुका बऱ्याच झाल्या असतील, पण ही अजून मनातून जात नाही.

तक्रारदार शहरात, इंदिरानगरात राहणारे गृहस्थ. होसकोटेकडे त्यांनी फार्महाऊससह बाग घेतली होती आणि ती वाळत चालली होती. सकाळी पाणी चालू असताना शेजारच्या बागेतल्या अक्कांनी ठिबकच्या नळ्या कापल्या, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बागांची बोअरवेल सामाईक. एक दिवस यांचा, एक दिवस अक्कांचा. मी व्हरांड्यात शहाळं पीत बसलो, ते बोलले तसं लिहिलं आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

अक्का एकट्याच बाग सांभाळत. आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या या कन्नड मुलखात राहिलेल्या जुन्या मराठी घरातल्या. नळ्यांना हातही लावला नाही, असं त्या सांगत होत्या, तरी त्यांना मी रोज चौकशीला बोलावू लागलो. सकाळी बसवायचो, संध्याकाळी सोडायचो.

"अण्णा, आज पाणी माझं. पेरू आत्ता चिंचोक्याएवढे आहेत. स्वल्प वेळ सोडा, मोटर लावून परत येऊन बसते."

"संध्याकाळी लावा."

"संध्याकाळी थ्री-फेज काय तुमच्या ठाण्यातून देणार?"

शेतीच्या मोटरला लागणारी थ्री-फेज वीज दिवसाच मिळते, हे मला ठाऊक होतं. उलट बोलल्या म्हणून त्या दिवशी त्यांना आणखी उशिरा सोडलं.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "सर, त्या बागेतली माती जरा उकरून बघा. आणि टँकरवाल्याला विचारा."

कापलेल्या नळ्या जप्त करायला मी अखेर झाडांपर्यंत गेलो. नळ्यांच्या आत मुंग्यांनी अंडी घातली होती. पाणी ठिबकायची भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली. खाली वीतभर उकरलं तरी धूळच. नळ्या कापल्या जाण्याच्या कित्येक दिवस आधीपासूनच त्यांतून थेंबही गेला नव्हता. फाटकाशी उभ्या टँकरच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणलं.

"कुठे भरतोस?"

"त्याच बोअरवर, सर. हल्ली दोन्ही दिवस, मालकांच्याही आणि अक्कांच्याही. अक्का इथे तुमच्याकडे बसलेल्या असतात, अडवायला कोण?"

"आणि मालकाच्या बागेला पाणी?"

"झाडं थोडीच फोन करून टँकर मागवतात!"

हवालदार हसले. मी गृहस्थांना ठाण्यात बोलावून घेतलं.

ड्रायव्हरसमोर बसवल्यावर त्यांनी कबूल केलं, अक्कांना बोअरपासून दूर ठेवायला नळ्या त्यांनीच कापवल्या होत्या. वर मलाच म्हणाले, "अपार्टमेंटमधल्या लोकांना पाणी नको का?" दोन बागांच्या हक्काचं पाणी हा माणूस उपसून विकत होता, आणि पहाऱ्याला सरकारी पगारावरचा मी! खोट्या तक्रारीबद्दल त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. तोवर अक्कांची कोवळी फळं गळून गेली होती.

मला फसवलं गेलं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मला खुर्चीतून उठायचा कंटाळा आला होता. तक्रारदार चांगल्या कपड्यांत असला की पोलिसाला जागा पाहावीशी वाटत नाही, आणि तिथूनच निरपराध माणसाचे हाल सुरू होतात.

निवृत्तीनंतर एका सकाळी अक्कांच्या बागेत गेलो. अक्का नळ्या झाडांच्या बुंध्याशी सरकवत होत्या.

"आता कसली चौकशी, अण्णा?"

"अक्का, तुमचं पीक माझ्यामुळे गेलं. तुम्ही खरं बोलत होता, आणि मी रागाने तुम्हाला मुद्दाम बसवून ठेवलं. मला माफ करा."