मॅडम म्हणाल्या, वय झालं

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. लेकीला नाही, देवीसमोर नाही, आमच्यासारख्या बायकांच्या बैठकीत तर नाहीच. तिथं उलट मीच दुसऱ्यांना सांगते, काही लपवू नका म्हणून. आणि आधीच बजावते, मला 'बिचारी' म्हणायचं असेल तर इथंच थांबा. बिचारी माझी जाऊ होती.

सुमन तिचं नाव. आम्ही हुपरीच्या. घरातच पैंजणाचं काम, दोघी समोरासमोर बसून घुंगरू जोडायचो. आमचे नवरे सख्खे भाऊ. माल घेऊन परमुलखात जायचे. तिकडून काय घेऊन आले ते दोघं वारल्यावर आमच्या रक्ताच्या तपासणीत कळलं. एचआयव्ही. दोघींनाही.

पुढं कोल्हापुरात फुकट गोळ्या मिळायला लागल्या. दर महिन्याला एसटीनं जायचो. गावाला सांगायचं, अंबाबाईला जातो. मग रिकाम्या हातानं परत कसं यायचं? म्हणून आमची वाटणी ठरलेली — गोळ्या घेतल्या की सुमन देवळात जाऊन प्रसाद आणायची, आणि दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम काय सांगतात ते मागं थांबून दोघींच्या वतीनं मी ऐकायचे. म्हणजे ती माझ्याच कानांनी ऐकत होती की. एवढा विश्वास.

अडतिसाव्या वर्षी तिच्या अंगावरून जायला लागलं. पाळीचा काही ठिकाणा नाही, कंबर धरून बसायची. केस तर माझ्याआधी पांढरे झालेले. "अक्का, तुमीच इचारा की मॅडमना. मला लाज वाटती."

मी विचारलं. पण कसं विचारलं? माझंच दुखणं म्हणून. तिचं नावच घेतलं नाही. मॅडम म्हणाल्या, या आजारात शरीर लवकर म्हातारं होतं हे खरं, पण रक्त जातंय ते वयावर ढकलू नका. या आजारातल्या बायकांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जास्त होतो, लवकर सापडला तर बरा होतो. लगेच चिठ्ठी लिहून वरच्या मजल्यावर पाठवलं. मी गेले. सुमनच्या दुखण्यावर माझी तपासणी झाली — आणि माझं सगळं चांगलं निघालं.

खाली आले तर ती प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली. काय म्हणाल्या, विचारलं तिनं.

"वय झालं म्हणाल्या. आपल्याला म्हातारपण लवकर येतं."

अर्धं खरं होतं ना? म्हणून तर तिला पटलं.

का केलं? माझ्या रेखाचं लग्न ठरत होतं, इचलकरंजीचं स्थळ. कॅन्सर म्हणजे दवाखान्यात राहणं, आणि मग अख्खं गाव डबा घेऊन बघायला येणार. कुणीतरी फाईल उघडणार. सुमनचं कळलं की माझ्याकडं बोट वळायला किती वेळ? पण घाबरून तोंडातून निघून गेलं, असं मी म्हणणार नाही. जिना उतरताना मी ठरवलं होतं.

आठ महिने गेले. लग्न थाटात झालं. रेखाच्या पायातलं पैंजण सुमननंच केलं, खाली गोधडीची घडी घेऊन, मधूनमधून उठून आडोशाला जात.

लग्नानंतर पंधरवड्यात मी तिला घेऊन गेले. पोटात सगळीकडं पसरलं होतं. एवढा उशीर का केला, डॉक्टरांनी विचारलं. सुमनच बोलली — "मॅडमना तरी काय दोष द्यायचा? त्यास्नी वाटलं, वय झालंय." जिचं काहीच चुकलं नव्हतं त्या बाईला ती माफ करत होती, आणि मी शेजारी उभी होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं की नाही? नाही उघडलं. चार महिन्यांनी ती गेली.

आणि फाईल शेवटी कुणीतरी वाचलीच. आठवड्यात इचलकरंजीला कळलं. व्याही आले, चहा घेतला, मला म्हणाले, "तुमी गोळ्या येळच्या येळी घेता न्हवं?" बस, एवढंच. रेखा तिथंच नांदतेय, दोन मुलं आहेत. पण समजा लग्न मोडलं असतं, तर मी केलेलं बरोबर ठरलं असतं? मुळीच नाही.

आता साठी आली. गुडघे गेले, मोतीबिंदूही लवकर झाला. दरवर्षी तपासणी करते, दरवर्षी चांगली निघते. बैठकीत एखादी म्हणाली, अंगावरून जातंय पण वय झालं असेल, तर मी तिचा दंड धरून तिला वरच्या मजल्यावर नेते. याला फेड म्हणू नका. फेड अशी नसते.

ती बाकावर बसली होती, मांडीवर प्रसाद होता. माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, आणि मी खोटं बोलले.