समन्सवरची माझी सही

दिवाळी सरली आणि सासरे व नवरा मेंढ्या घेऊन गोदावरीपलीकडे गेले. दरवर्षी जातात, मिरगाच्या तोंडावर परततात. पेडगावात मी, सासूबाई आणि माझी दोन महिन्यांची लेक, एवढ्याच राहिलो. आठवड्यानं कोर्टाचा बेलीफ आला. त्यानं सासऱ्यांची चौकशी केली. ते सहा-सात महिने येत नाहीत म्हटल्यावर, घरात दुसरं मोठं माणूस कोण, म्हणाला. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. सून बारावी शिकलेली आहे, हेही त्यांनी जरा तोऱ्यात सांगितलं. मी सही करून कागद घेतला.

दावा माझ्या चुलत दिराचा होता. गावाबाहेर आमची मेंढ्या बसवायची जागा आहे, ती वाटणीत आपल्या वडिलांना आली होती, तिचा ताबा मिळावा, असं त्याचं म्हणणं. जागा आजेसासऱ्यांपासून आमच्याकडे होती. तीस दिवसांत लेखी म्हणणं द्या, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल, असं कागदावर लिहिलेलं होतं.

रेंज मिळाली त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. त्यानं सासऱ्यांना विचारलं आणि सांगितलं, घरचाच माणूस आहे, भेडसावायला कागद धाडलाय, आल्यावर बसून बोलू. मी कागद पेटीत ठेवला, पण दिवस मोजत राहिले.

अठ्ठाविसाव्या दिवशी लेकीला सासूबाईंकडे देऊन मी एकटीच परभणीला कोर्टात गेले. आत कुणाला विचारायचं कळेना. फाटकाजवळ एक म्हातारे टायपिस्ट बसले होते, त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो सावकाश वाचला. म्हणाले, तीस दिवसांत जमलं नाही तर कारण सांगून नव्वदपर्यंत मुदत मागता येते. दाव्यातच दम नसेल तर तो फेटाळा असाही अर्ज होतो. भावकीचं आहे, तडजोडही करता येईल. "पण बाई, काहीबी करायचं तर वकीलपत्रावर सासऱ्याची सही लागंल. गप बसणं तेवढं करू नका."

मी फोनवर नवऱ्याला हे शब्दन् शब्द सांगितलं. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. नवरा म्हणाला, "आता कसं यावं? कळप कुणावर सोडू?" तेही खरंच होतं. मी वकीलपत्र घेऊन एसटीनं त्यांच्या मुक्कामावर जायला हवं होतं. तान्ही लेक होती, वाट माहीत नव्हती, ही कारणं मी स्वतःला दिली. नव्वदावा दिवस गेला तेव्हा मी शेतात शेण्या थापत होते.

मिरगाला दोघं परतले आणि दुसऱ्याच दिवशी मलाही घेऊन कोर्टात गेले, तिथं एक वकील गाठले. निकाल पंधरा दिवसांपूर्वीच लागला होता. एकतर्फी. तीस दिवसांच्या आत तो रद्द करायचा अर्ज करता येतो, पण हजर का राहिला नाहीत याचं सबळ कारण लागतं, असं वकिलांनी सांगितलं. समन्स सुनेनं घेतलं, तिनं फोनवर कळवलं, आम्ही आलो नाही, हे खरं कारण सांगितलं तर अर्ज टिकणार नाही, म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "यांना फक्त सही येते, वाचता येत नाही, म्हणून कागद कशाचा ते कुणाला कळलंच नाही, असं शपथपत्र दिलं तर?"

सासरे खाली बघत राहिले. नवरा म्हणाला, "कागदावरच तर मनायचंय. तू अडाणी थोडीच होणारैस?"

मी शपथपत्रावर सही केली. मानवतला मामाकडे राहून बारावी केली होती मी, तीन वर्षं पहाटे उठून. त्या कागदात मी फक्त सही शिकलेली बाई होते.

चुलत दीर माझ्या लग्नात होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तारखेला त्याच्या वकिलानं मला पिंजऱ्यात उभं केलं आणि कॉलेजच्या दाखल्याची नक्कल हातात दिली. हा कुणाचा, वाचून सांगा, म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "माझाच आहे."

अर्ज फेटाळला गेला. अपिलाचा रस्ता आहे, आमचे वकील म्हणाले. आता पुरे म्हणून सासऱ्यांनी हात जोडले.

बाहेर लिंबाखाली आम्ही बसलो. नवरा कुठंतरी निघून गेला होता. सासऱ्यांनी डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "खोटं तुझं न्हाई, पोरी. आमी तुझ्या तोंडात घातलं. समन्स आलं तवाच मी यायला पायजे हुतं."

मी रडले नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात जागेला तारेचं कुंपण पडलं. त्या वर्षी कळप ओढ्याकाठी उघड्यावर, चिखलात बसला. मेंढ्यांचे खूर सडले, कोकरं खंगून मेली. एकेका मेल्या कोकराला सासरे स्वतः खड्डा करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पोळ्यानंतर त्यांनी उरलेला कळप एका व्यापाऱ्याला दिला. आता ते पोखर्णीकडे दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत राखणीला असतात. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. चुलत दिराच्या बायकोची आणि माझी हापशावर रोज गाठ पडते. आम्ही आपापल्या घागरी भरतो आणि निघतो.