उजव्या दंडावरचा व्हॉल्व्ह

माझ्या नणंदेला कुणी "हे असंच असतं" म्हणालं की समजावं, आता त्याचं काही खरं नाही. त्यांना गप्प बसवणारा माणूस तेवीस वर्षांच्या संसारात मी पाहिलेला नाही. माझे सासरे त्या नादात थकून गेले.

धरणातून शहराकडे पाणी नेणारे बोगदे आत शिरून तपासायचे, हे वन्संचं काम. एवढं अंतर पोहून जायचं तर पाठीवरच्या टाकीतली हवा पुरत नाही. म्हणून पंखा बसवलेली स्कूटर पुढ्यात धरायची, ती ओढत नेते. अंगात ड्रायसूट, आतून कोरडा. त्यात छातीवरच्या व्हॉल्व्हने हवा भरायची आणि दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. वर येताना सुटातली हवा फुगते. कोपर वर करून ती वेळेवर सोडली नाही, तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो आणि जिवावर बेततं.

हा सोडायचा व्हॉल्व्ह जगभर डाव्या दंडावर असतो, कारण उजवा हात स्कूटरच्या खटक्यावर. आणि वन्संचा डावा खांदा मोडला. तोही बोगद्यात नाही, घरात, माळ्यावरची बॅग काढताना स्टुलावरून पडून! हाड जुळलं. हात पुढे जातो, पण कोपर बाजूने वर जात नाही.

पाणबुड्यांच्या पथकाच्या साहेबांनी ऑफिसातलं टेबल देऊ केलं. वन्संनी दंडावरचं भोक अजून न पाडलेला नवा सूट घेतला आणि तडक आमच्या ड्रायसूट-दुरुस्तीच्या कारखान्यात आल्या.

"वहिनी, व्हॉल्व्ह उजवीकडे बसवा. स्कूटर मी डाव्या हाताने चालवीन. ओढ कमरेच्या दोरीवर येते, हाताने नुसती दिशा तर द्यायची."

मला धडकीच भरली. "वन्सं, घ्या ना ते टेबल. वय काय आपलं!"

"तुमचं काय ते तुम्ही बघा."

आमचे उस्ताद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "तीस वर्षांत उजवीकडे एकही भोक पाडलं नाही. एकदा पाडलं की बुजवता येत नाही नीट. आणि गढूळ पाण्यात सोबत्यावर तुमची हवा सोडायची वेळ आली, तर त्याचा हात कुठे जाणार? डावीकडेच."

"आधी खूण तर करा," वन्सं म्हणाल्या.

सूट घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मी नेहमीसारखी, फक्त उजव्या दंडावर, खडूने फुली मारली. पंधरा वर्षं अशीच मारत आलेय. तर या बाई सरळ आमच्या कापायच्या टेबलावर पालथ्या पडल्या! डावा हात पुढे, मुठीत स्कूटर म्हणून माझी इस्त्री. उजवं कोपर वर उचललं.

"आता बघा कुठे आहे तुमची फुली."

फुली पुढे सरकून खाली तोंड करून बसली होती. हवा वर जाते, व्हॉल्व्ह खाली, आणि समोरून येणारं पाणी थेट त्याच्यावर. मला लाज वाटली. स्कूटरवर कुणी उभं राहून जातं का? उस्तादांनी चष्मा पुसला, चार बोटं मागे, बाहेरच्या अंगाला नवी फुली मारली आणि कातरी माझ्या हातात दिली. भोक पाडण्याआधी मी चार बोटं पुन्हा दोनदा मोजली. चुकलं असतं तर त्यांचं कामच गेलं असतं, किंवा त्याहून वाईट.

सरावाच्या तलावावर साहेबांनी परीक्षा ठेवली. नापास झाल्या तर दुसऱ्या दिवसापासून टेबल, हे सगळ्यांसमोर ठरलं. वन्संनी स्कूटरवर चार फेऱ्या मारल्या, पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं वरखाली हलल्या नाहीत, आणि उजव्या दंडावरून बुडबुडे सोडत सावकाश वर आल्या. मी काठावर टाळ्या पिटल्या. कुणीच साथ दिली नाही.

"अजून एक," साहेब म्हणाले. एका सोबत्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी त्याला खाली पाठवलं. वन्संच्या सुटातली हवा त्याने सोडायची होती. त्याचा हात डाव्या दंडावर गेला, तिथेच चाचपडत राहिला. वन्सं हळूहळू वर सरकू लागल्या. शेवटी स्वतःच कोपर उचलून त्यांनी हवा सोडली.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "मी काय म्हणत होतो? बेशुद्ध असतात तर?"

मला रडू आलं, कारण ते खोटं बोलत नव्हते.

वन्संनी तोंडावरचं पाणी निपटलं. "बरोबर आहे तुमचं, साहेब. पण माझा खांदा आता शिकणार नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. यांचे हात शिकतील. पथकात चौघंच तर आहेत. पाठवा एकेकाला."

साहेबांनी पट्टी सोबत्याकडून मागून घेतली. मग ती पुढच्याच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत चौघंही पाचपाच वेळा खाली जाऊन आले, आणि शेवटच्या खेपेला प्रत्येकाचा हात थेट उजवीकडे गेला. सगळ्यात शेवटी साहेब स्वतः पट्टी बांधून उतरले. त्यांचाही हात आधी डावीकडेच गेला, मग उजवीकडे.