कंट्रोल आणि सी

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सात रस्ता चौकाजवळ आहे. विंडोज चांगलं, लिनक्स की मॅक, हे लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता कोणी विचारलं की म्हणतो, हाताला सवय असेल ते घ्या. खरं म्हणजे तिन्हींचा मला वीट आलाय.

चादरीच्या एका कारखान्यात नक्षी काढणारे मास्तर होते. आयुष्यभर ग्राफच्या कागदावर चौकोन भरले आणि पन्नाशीत माझ्याकडे कॉम्प्युटर शिकले. पडद्यावर काही अडलं की ती अक्षरं माउसनं निवडायची, कंट्रोल आणि सी दाबून कॉपी करायची आणि एका फाइलीत चिकटवून ठेवायची, म्हणजे मी आल्यावर बघेन. ही शिस्त मीच लावली होती. विंडोजच्या, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतही ती चालायची, म्हणून पुढचं कधी सांगितलं नाही.

मास्तर निवृत्त व्हायला आले. मालक म्हणाले, तुमची सगळी डिझाइनं घरी घेऊन जा. त्यांना दुसरं काही नकोच होतं. नेमकी तेव्हाच त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क मरायला टेकली, विंडोज सुरूच होईना. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा दिली आणि फायली एकेक करून नव्या डिस्कवर उतरू लागल्या. चार-पाच तासांचं काम होतं. मला कुंभारी गावात दुसऱ्या कामाला जायचं होतं, म्हणून मास्तरांना राखणीला बसवलं.

दुपारी त्यांचा फोन आला. "सायेब, इंग्रजीत कायतरी लई ओळी येत्यात की."

मी गाडीवर होतो, उन्हानं वैतागलेला. "नेहमीसारखं कॉपी करून ठेवा, आल्यावर बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

परतलो तेव्हा शेवटच्या ओळीत सी उमटलेला दिसला. लिनक्सच्या त्या खिडकीत कंट्रोल आणि सी म्हणजे कॉपी नव्हे, चाललेलं काम थांबव. कॉपीला तिथं शिफ्टही दाबावं लागतं. मॅकवाल्यांनी या दोन कामांना निराळी बटणं तरी दिलीत. काम मध्येच थांबलं होतं, जुनी डिस्क गार पडली होती. मरायला टेकलेली डिस्क एकदा थांबली की परत उठेलच असं नसतं. ती पुन्हा फिरली नाही. निम्मी डिझाइनं गेली.

"माजं काय चुकलं का, सायेब?"

तुम्ही मी शिकवलं तेच केलंत, चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही हो मास्तर, डिस्कच संपली होती."

"मग ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करनार." त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. मी ती खाल्ली, लाज वाटत असतानाही.

अजून ते रस्त्यात भेटतात. सोबत कोणी असलं की माझ्याकडं बोट दाखवून कौतुकानं सांगतात, "ह्यांनी माजी निम्मी डिझाइनं वाचवली."